धान्य साठवताय? आधी ओल तपासा

कीड, बुरशी, कुबट वास या सगळ्याचं मूळ बहुतेक वेळा ओलीत असतं. तृणधान्यात ओलावा 12 टक्क्यांच्या आसपास हवा, कडधान्यात 9-10 आणि तेलबियांत 7-8. त्यामुळे मळणी झाली की लगेच पोती भरू नका. ताडपत्रीवर पातळ थर पसरा, अधूनमधून वरखाली करा, संध्याकाळी दव पडायच्या आत झाका.

ओलावामापक नसेल तर मीठ वापरा. कोरड्या काचेच्या बरणीत तिसरा हिस्सा धान्य घ्या, दोन-तीन चमचे सुकं मीठ टाका, झाकण लावून मिनिटभर हलवा आणि पंधरा मिनिटं ठेवा. काचेला मीठ चिकटलं तर ओलावा 15 टक्क्यांच्या वर आहे. नाही चिकटलं तरी तो 15च्या आत आहे एवढंच कळतं, 12 झाला असं नव्हे. म्हणून आणखी एक-दोन ऊन द्याच. दाणा दाताखाली कट्कन फुटला पाहिजे, चेपता कामा नये.

मग चाळा, तुटके दाणे आणि कचरा काढा. बऱ्याच किडींना अख्खा दाणा फोडता येत नाही, त्या तुकड्यांवर पोसतात. सोंडे मात्र दाण्यातच अंडं घालतात, म्हणून वरून स्वच्छ दिसणारं धान्यही महिन्या-दीड महिन्यात पोखरलेलं निघतं.

भरण्याआधी धान्य सावलीत निवू द्या. गरमच भरलं तर आतली वाफ कोठीच्या थंड पत्र्याला लागून तिचं पाणी होतं आणि वरचा थर बुरसतो.

पोती नवी किंवा उकळत्या पाण्यातून काढून वाळवलेली हवीत. थप्पी फळ्यांवर लावा, भिंतीपासून हातभर लांब. भिंतीतल्या भेगा बुजवा. उंदराच्या पिल्लाला करंगळीएवढी फट पुरते. जुनं धान्य नव्यात मिसळू नका.

हवाबंद पिशव्या परवडत असतील तर माझं मत त्यांच्या बाजूने आहे. आतला प्राणवायू किडीच वापरून संपवतात आणि गुदमरून मरतात, औषध लागत नाही. पण पिशवीला भोक पडलं की सगळं फुकट, आणि ओलं धान्य त्यात आणखीच बिघडतं.

दर पंधरा दिवसांनी राशीत कोपरापर्यंत हात घाला. आत ऊब लागली तर धान्य बाहेर काढून पुन्हा वाळवा. बुरसलेलं धान्य जनावरांनाही घालू नका. बुरशीचं विष शिजवून जात नाही. कीड मारायला वापरतात त्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या राहत्या घरात कधीही ठेवू नका, त्यांच्या वायूने माणसं मरतात. धुरी द्यायचीच तर प्रशिक्षित माणसाकडूनच द्या.