सोलरच्या लाइनवरून नव्या न्हाणीत गरम पाणी कसं घ्यावं

घराच्या मागं नवी न्हाणी बांधली की स्लॅबवरच्या सोलरचं पाणी तिथंही हवं असतं. जुनी लाइन सीपीव्हीसीची, म्हणजे गरम पाण्याच्या प्लॅस्टिक पाइपाची, असेल तर काम घरच्या घरी होतं. "साधी पीव्हीसी टाका जी, स्वस्त पडते" असं दुकानात कोणी म्हटलं तर सरळ पुढच्या दुकानात जा. साधी पीव्हीसी 60 अंशांच्या आसपास नरम पडू लागते आणि सोलरचं पाणी त्याच्या वर जातं. पाइप चिकटवायचं सोल्युशनही सीपीव्हीसीचंच घ्या.

एका नळाला अर्धा इंची पाइप पुरे. 10 मीटर पाऊण इंची पाइपात जवळपास अडीच लिटर गार पाणी अडकतं, अर्धा इंचीत सव्वा. टँकरची वाट पाहणाऱ्या गावात हा रोजचा हिशोब आहे.

खरी गोम जुन्या लाइनीत टी, म्हणजे फाटा काढायचा तीन तोंडांचा जोड, बसवण्यात आहे. पाइप दोन्हीकडून पक्का, मग टी शिरणार कशी? लोक पाइप वाकवून दामटतात आणि मागचा एल्बो, म्हणजे वळणाचा जोड, तडकतो. टीसोबत एक युनियन घ्या, म्हणजे नटानं जुळणारा दोन भागांचा जोड. जवळचे दोन-तीन क्लँप सोडा, लाइन कापून पाइप थोडा बाजूला ओढा, एका टोकाला टी, तिच्यापुढं छोटा तुकडा आणि अर्धी युनियन, दुसऱ्या टोकाला उरलेली अर्धी. मग तोंडाला तोंड लावून नट आवळा. तो नट चिकटवण्याआधी पाइपात घालायचा असतो; हे सगळे विसरतात.

दुसरा वैरी थेंब. टाकीचा व्हॉल्व्ह बंद करून खालचा आणि वरचा असे दोन्ही नळ उघडे ठेवा, म्हणजे हवा शिरून लाइन रिकामी होते. तरीही ठिबकत असेल तर व्हॉल्व्ह गेला आहे, आधी तो बदला. ओल्या पाइपावर सोल्युशन धरत नाही, कितीही चोपडा.

पाइप सरळ कापा, कडेची बुरी पॉलिश पेपरनं काढा, सॉकेटची, म्हणजे पाइप शिरतो त्या तोंडाची, खोली पेन्सिलनं पाइपावर मारून घ्या. सोल्युशन पाइपाला भरपूर, सॉकेटमध्ये पातळ. पाव फेरा देत खुणेपर्यंत दाबा आणि अर्धा मिनिट सोडू नका. सॉकेट आत निमुळता असतो, हात काढला की पाइप हळूच मागं सरकतो. तोंडाशी सोल्युशनची सलग कड दिसली की जोड झाला. मे महिन्यात हे सकाळी सातच्या आतच करा. अकोल्या-चंद्रपूरच्या दुपारी सोल्युशन ब्रशवरच वाळतं.

पुढची लाइन सोपी. क्लँप करकचून आवळू नका. 50 अंशांनी तापलेला 10 मीटर पाइप तीनेक सेंटिमीटर लांबतो. नळाशी पितळी आट्यांचाच एल्बो लावा. उन्हातल्या पाइपाला पाण्यात मिसळणारा रंग द्या, ऑइल पेंट नाही.

रात्रभर थांबून पाणी सोडा. जोड झिरपलाच तर वरून सोल्युशन फासत बसू नका. कापा आणि नवा जोडा.