'आय लव्ह लूसी' कशी पाहावी: चॉकलेटचा भाग शेवटी ठेवा

माझ्याकडे एडिटिंग शिकायला येणाऱ्या प्रत्येक मुलाला मी पहिल्याच आठवड्यात 'आय लव्ह लूसी' ही जुनी अमेरिकन विनोदी मालिका दाखवते. बहुतेकांनी त्यातला एक तुकडा फोनवर आधीच पाहिलेला असतो. दोन बायका, डोक्यावर पांढऱ्या टोप्या, समोरच्या पट्ट्यावरून चॉकलेटं सरकत येतायत आणि या दोघी ती तोंडात, टोपीत, गळ्यात कोंबतायत. "ताई, हे पाहिलंय," म्हणतात. तरीही तो भाग मी सगळ्यात शेवटी लावते. तुम्हीही तसंच करा, कारण आधीचं पाहून मग तिथे पोचलात तर त्यात तुम्हाला तिप्पट दिसेल.

मालिका सी.बी.एस. या अमेरिकन वाहिनीवर १५ ऑक्टोबर १९५१ ला सुरू झाली आणि ६ मे १९५७ ला थांबली. सहा सीझन, अर्ध्या अर्ध्या तासाचे १८० भाग. सगळे पाहायची गरज नाही. दहा-बारा पुरतात, फक्त क्रम नीट लावायला हवा आणि कान उघडे ठेवायला हवेत. हेडफोन घ्या. इंग्रजी सबटायटल लावून ठेवा, कारण लूसीचा नवरा रिकी झालेला देसी अर्नाझ चिडला की घडाघडा स्पॅनिश बोलतो. काही भाग नंतर रंगवलेत, ते आत्ता बाजूला ठेवा. मूळ सेट कृष्णधवल चित्रासाठी करड्या रंगाच्या छटांत रंगवला होता. ती छटांची मेहनत पाहायची असेल तर करडंच पाहिलं पाहिजे.

सुरुवात ५ मे १९५२ च्या भागापासून करा, 'लूसी डझ अ टीव्ही कमर्शियल'. लूसी एका टॉनिकची जाहिरात करायला उभी आहे. टॉनिकचं नाव व्हिटामीटाव्हेजामिन, आणि त्यात २३ टक्के अल्कोहोल आहे हे तिला माहीत नाही. पहिल्या तालमीत ती चमचा तोंडात घालते आणि चेहऱ्याचा पार चुरगळा होतो. दुसऱ्या वेळी कमी. मग चव आवडायला लागते, मग शब्द एकमेकांत अडकायला लागतात, मग चमचा हाताला ऐकत नाही. मजकूर प्रत्येक वेळी तोच. हा प्रसंग दोनदा पाहा. पहिल्यांदा लूसीचं काम करणाऱ्या लूसिल बॉलकडे बघा. दुसऱ्यांदा डोळे मिटा आणि फक्त प्रेक्षकांना ऐका. हसू एकदम फुटत नाही. आधी एका कोपऱ्यात, मग पसरत जातं, आणि ती पुढचं वाक्य ते ओसरायला लागल्यावर टाकते. तिथे खरी माणसं बसलेली होती, हॉलिवूडच्या एका स्टुडिओत, बाकांवर, साधारण तीनशे.

लेखक होते जेस ओपनहायमर, मॅडलिन प्यू आणि बॉब कॅरॉल ज्युनियर. हे तिघं रेडिओपासून तिच्याबरोबर होते. अंगविक्षेपांच्या सगळ्या सूचना संहितेत मोठ्या अक्षरांत टाइप केलेल्या असत. प्यूबाई कितीतरी करामती आधी स्वतः करून बघत, बाईमाणसाला हे जमतं का, लागतं का. बॉलचं अभिनय-कौतुक करताना त्यांचं नाव घ्यायला विसरू नका.

आता इतिहासाकडे वळा. त्यासाठी पहिल्या सीझनमधला कुठलाही घरातला प्रसंग लावा आणि मध्येच थांबवा. मागच्या भिंतीवर माणसांच्या गडद सावल्या शोधा. फारशा सापडणार नाहीत, आणि त्यामागे मोठी गोष्ट आहे.

बॉल तेव्हा रेडिओवर 'माय फेव्हरिट हसबंड' करत होती. सी.बी.एस.ला तेच टीव्हीवर हवं होतं. तिने अट घातली, नवरा म्हणून माझा खराच नवरा असेल. क्यूबाच्या सांतियागोत जन्मलेला, उच्चारांत स्पॅनिश वळण असलेला देसी अमेरिकन घराघरांत चालेल यावर वाहिनीचा विश्वास नव्हता. दोघांनी १९५० मध्ये गावोगावच्या रंगमंचांवर प्रयोग करून लोकांचं हसू गोळा केलं आणि तोच पुरावा दिला. मग दुसरा पेच आला. प्रायोजक सिगारेटवाली फिलिप मॉरिस कंपनी. तिला कार्यक्रम न्यूयॉर्कहून थेट हवा होता. हॉलिवूडहून केला तर पूर्वेकडच्या लाखो घरांत कायनेस्कोप जाणार, म्हणजे टीव्हीच्या पडद्याचंच चित्रीकरण करून काढलेली धुरकट प्रत. जोडप्याला तर कॅलिफोर्निया सोडायचं नव्हतं. देसीने उपाय काढला: सरळ ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर शूट करू, सगळीकडे सारखीच स्वच्छ प्रत जाईल. खर्च वाढला. त्या बदल्यात दोघांनी आठवड्याला हजार डॉलर कमी मानधन घेतलं आणि मागितलं काय, तर त्या फिल्मची मालकी. त्यांना ती देऊन टाकली गेली, कारण एकदा दाखवलेला भाग पुन्हा कोण बघणार, अशीच तेव्हाची समजूत.

ही मालकीची ओळ मी मुलांना वहीत लिहायला लावते.

पण प्रेक्षक समोर बसवून फिल्मवर शूट करायचं कसं? सिनेमात एका कॅमेऱ्याला एक शॉट, दर शॉटला लाइट बदलायचा. तेवढा वेळ प्रेक्षक हसत बसत नाहीत. म्हणून तीन कॅमेरे एकदम, आणि प्रसंग नाटकासारखा सलग. तीन फिल्म कॅमेऱ्यांचा वापर याआधी एका गेम शोमध्ये झाला होता, तेव्हा 'जगात पहिल्यांदा' असं कुणी सांगितलं तर मान डोलवू नका. लूसीच्या मंडळींनी तो कथेसाठी पक्का बसवला, हे मात्र खरं. प्रकाशाची जबाबदारी कार्ल फ्रॉइंड यांच्यावर होती. 'मेट्रोपोलिस'चं छायाचित्रण करणारे, 'द गुड अर्थ'साठी ऑस्कर मिळवलेले गृहस्थ. तिन्ही कॅमेऱ्यांना एकाच वेळी चालेल असा प्रकाश त्यांनी वरून, सपाट आणि सारखा टाकला. तुम्ही थांबवलेल्या चित्रात सावल्या कमी दिसतात त्या यामुळे.

एडिटरच्या टेबलावर मग तीन फिल्म आणि एक आवाज येत. एडिटर डॅन कान यांच्याकडे तीन चित्रं एकदम चालवणारं मोव्हिओला, म्हणजे फिल्म पाहत कापायचं यंत्र, होतं. त्याला सगळे 'तीन डोक्यांचा राक्षस' म्हणत. आज माझ्या पडद्यावर चार कॅमेरे चार चौकटींत चालतात आणि मी बटण दाबून कट घेते, ते त्याच राक्षसाचं नातवंड आहे. नव्वदच्या दशकात मी मुंबईत एक विनोदी मालिका कापत असताना निर्मात्याने मला हसण्याची कॅसेट आणून दिली आणि दर ओळीला चिकटव म्हणाला. मी चिकटवलं. नटाने कुठे थांबायचं ते त्या हसण्याला माहीत नव्हतं, आणि प्रत्येक विनोद एकाच मापाचा झाला. ते अजून मला टोचतं. म्हणून सांगते, लूसी आधी कानाने पाहा.

पुढचा टप्पा सात भागांचा आहे आणि तो क्रमानेच पाहायचा, ८ डिसेंबर १९५२ ते १९ जानेवारी १९५३. बॉलला दिवस गेले होते. वाहिनीवर 'प्रेग्नंट' हा शब्द चालत नव्हता. आपल्या घरांतही 'दिवस गेलेत', 'गोड बातमी आहे' असंच म्हटलं जायचं, तेव्हा हा संकोच आपल्याला समजावून सांगायला नको. ओपनहायमर आणि देसीने ते बाळंतपण लपवण्याऐवजी कथेतच घेतलं. संहिता एक कॅथलिक पाद्री, एक प्रोटेस्टंट धर्मगुरू आणि एक रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू, तपासत. पहिल्या भागाचं नाव 'लूसी इज ऑन्सांत', म्हणजे तोच शब्द फ्रेंचमध्ये. दुसऱ्याच्या नावात मात्र थेट 'प्रेग्नंट' आहे. तेव्हा भागांची नावं पडद्यावर येत नसत.

'ऑन्सांत'चा शेवट सावकाश पाहा. दिवसभर लूसी नवऱ्याला बातमी सांगायचा प्रयत्न करते, दर वेळी कुणीतरी मध्ये येतं. रात्री क्लबमध्ये रिकीला चिठ्ठी मिळते: इथल्या एका जोडप्याला बाळ होणार आहे, त्यांच्यासाठी गाणं म्हणा. तो टेबलाटेबलाशी जाऊन अंगाईची ओळ गातो आणि विचारतो, तुम्ही का? लोक नाही म्हणतात. बायकोच्या टेबलाशी पोचतो, पुढे सरकतो, आणि मग वळून बघतो. ती मान हलवून हो म्हणते. त्यानंतर त्याचा आवाज बिघडतो आणि तिचे डोळे भरतात. खऱ्या आयुष्यातही त्यांनी मुलांसाठी दहा वर्षं वाट पाहिली होती. दिग्दर्शकाने दुसरा, हसरा टेकही घेऊन ठेवला होता. भागात पहिलाच गेला. मी एडिटर म्हणून सांगते, एवढं धाडस फार थोड्या टेबलांवर होतं.

सातव्या भागात, १९ जानेवारी १९५३ ला, पडद्यावर छोटा रिकी जन्मला. त्याच दिवशी बॉलने सिझेरियनने देसी ज्युनियरला जन्म दिला. तो भाग ४ कोटी ४० लाख लोकांनी पाहिला. दुसऱ्या दिवशीच्या राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवर यांच्या शपथविधीला २ कोटी ९० लाख होते. तिला विश्रांती मिळावी म्हणून काही जुने भाग नव्या छोट्या प्रस्तावनेसह पुन्हा दाखवले, आणि लोकांनी ते आनंदाने पाहिले. वहीतली मालकीची ओळ आता परत वाचा. फिल्म या दोघांच्याच कपाटात होती आणि पुनःप्रक्षेपणाचा बाजार उघडला होता. त्या भागांचे हक्क पुढे वाहिनीलाच विकून त्यांनी मोठी रक्कम मिळवली. त्यांच्या देसीलू कंपनीने आर.के.ओ. या चित्रपट कंपनीचे स्टुडिओ घेतले. 'स्टार ट्रेक' नंतर तिथेच बनली.

१९५३ च्या सप्टेंबरमधलं प्रकरण माहीत असू द्या. १९३६ मध्ये आजोबांच्या समाधानासाठी बॉलने मतदार म्हणून कम्युनिस्ट नोंदणी केली होती, ते वर्तमानपत्रांत आलं. चित्रीकरणाच्या संध्याकाळी देसी प्रेक्षकांसमोर उभा राहिला आणि म्हणाला, हिच्यात लाल काही असेल तर ते केस, आणि तेही खरे नाहीत. प्रेक्षकांनी साथ दिली.

नंतरच्या सीझनमधले दोनच सांगते. ९ मे १९५५ चा विनोदी नट हार्पो मार्क्सबरोबरचा आरशाचा प्रसंग, आणि १६ एप्रिल १९५६ चा इटलीतला द्राक्षं तुडवण्याचा. व्हिव्हियन व्हॅन्स आणि विल्यम फ्रॉली, म्हणजे शेजारचे एथेल आणि फ्रेड, यांच्यावर या पाहण्यात वेगळी नजर ठेवा. लूसीची कल्पना किती वेडी आहे हे एथेलच्या भुवया आधी सांगतात.

आता चॉकलेटं. १५ सप्टेंबर १९५२, 'जॉब स्विचिंग'. पट्ट्याच्या आधीचा प्रसंग चुकवू नका: लूसीच्या शेजारी चॉकलेटात हात घालून बसलेली बाई नटी नव्हती, ती खरोखर चॉकलेट बनवायचं काम करणारी होती. मग पट्टा सुरू होतो. आधी आवाज ऐका. बॉलची आई डीडी चित्रीकरणाला प्रेक्षकांत येऊन बसायची आणि लेक संकटात शिरायला लागली की तिच्या तोंडून 'अह्-ओह' निघायचं. कुठल्याही भागात तो आवाज सापडला की वहीत मिनिट-सेकंद टिपून ठेवा. माझ्या वहीत आतापर्यंत नऊ आहेत.