मिनी कूपर एसची घरघर: पुलीचं बेअरिंग कसं ओळखायचं, कसं बदलायचं

माझी गाडी २००४ ची मिनी कूपर एस, म्हणजे आर५३. १.६ लिटरचं इंजिन आणि त्याला ईटनचा एम४५ सुपरचार्जर, म्हणजे पट्ट्यावर चालून इंजिनात जास्त हवा दाबणारा पंप. कॉव्हेन्ट्रीत आल्यावर तिसऱ्या वर्षी घेतली. ॲक्सिलरेटर दाबला की ही गाडी जी शिट्टी घालते ती सुपरचार्जरची. ती तिची जात आहे, ती 'दुरुस्त' करायला जाऊ नका. पण गेल्या जानेवारीत त्या शिट्टीच्या खाली आणखी एक आवाज यायला लागला. जात्यात खडा सापडल्यासारखी घरघर. सकाळी गार इंजिनावर जोरात, दहा मिनिटांनी थोडी कमी, पण जायची नाही. बायको म्हणायची, "तू गल्लीच्या तोंडाशी आलास की मला कळतं. मी चहा टाकते."

एका गॅरेजवाल्याने बॉनेट उघडून अर्धा मिनिट कान दिला आणि निकाल सांगितला: सुपरचार्जर गेला, साडेनऊशे पौंड. मी व्हिडिओ काढून कोल्हापूरला आबांना पाठवला. आबांनी तीस वर्षं शिरोली एमआयडीसीत लेथ चालवलाय, मला वाटलं लगेच सांगतील. तर म्हणाले, "मोबाईलमधनं सगळं सारखंच ऐकू येतंय रे. पट्टा काढ आणि एकेक पुली हातानं फिरव. पट्ट्यासकट सांगणारा नुसता अंदाज बांधतोय."

पट्टा काढण्याआधी दोन मिनिटांच्या दोन चाचण्या मात्र करून घ्या. इंजिन चालू ठेवून पट्ट्याच्या धारांवर, म्हणजे आतल्या लांब कंगोऱ्यांवर, स्प्रेच्या बाटलीने थोडं पाणी मारा. आवाज क्षणभर बदलला किंवा थांबला, तर दोष पट्ट्याचा किंवा पुल्या एका रेषेत नसल्याचा. ढिम्म फरक पडला नाही, तर बेअरिंगकडे वळा. मग लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक पुलीजवळच्या न फिरणाऱ्या बोल्टवर टेकवा आणि मूठ कानामागच्या हाडाला लावा. बाह्या वर, गळ्यात मफलर नको, आणि टोक फिरत्या भागाला लागता कामा नये. पण या चाचणीवर फार विसंबू नका. या गाडीत सगळं इतकं दाटीवाटीने बसवलंय की आयडलरची, म्हणजे पट्ट्याला नुसतं वळण देणाऱ्या पुलीची, घरघर धातूतून सुपरचार्जरच्या अंगावर ऐकू येते. त्या गॅरेजवाल्याचं बहुधा इथंच चुकलं.

कामाला बसायचं तर पुढचं उजवं चाक काढावं लागतं. इंजिन आडवं आहे, पट्टा उजव्या बाजूला येतो. जॅकवर उचलून गाडी ॲक्सल स्टँडवर ठेवा, नुसत्या जॅकच्या भरवशावर हात आत घालू नका. हँडब्रेक ओढलेला, किल्ली खिशात. चाकामागचं प्लॅस्टिकचं अस्तर सोडवलं की सगळ्या पुल्या समोर दिसतात: खाली क्रँक (इंजिनच्या मुख्य दांड्याची पुली), मग एसी कॉम्प्रेसर, अल्टरनेटर, सुपरचार्जर, आणि पट्ट्याला वळण देणारे दोघे, आयडलर व पट्टा ताणून धरणारा टेन्शनर. पट्टा कुठून कसा गेलाय याचा फोटो काढा. दोन काढा. आणि जुनाच पट्टा परत लावणार असाल, तर खडूने फिरण्याच्या दिशेचा बाण करून ठेवा.

टेन्शनरला दणकट स्प्रिंग आणि सोबत डॅम्पर आहे. त्यासाठी लांब हत्यार मिळतं, ते भाड्याने आणा किंवा मागून घ्या. टेन्शनरचा दांडा पूर्ण मागे रेटला की खीळ घालून अडकवता येतो. खीळ नीट बसल्याशिवाय बोटं मध्ये नेऊ नका. त्या स्प्रिंगला दया नाही.

पट्टा उतरला की एकदा इंजिन चालू करून बघा, फार तर वीस सेकंद. त्याहून जास्त नको. या गाडीत वॉटर पंप पट्ट्यावर नाही, तो सुपरचार्जरच्या मागच्या टोकावरच्या गिअरवर चालतो. सुपरचार्जर थांबला म्हणजे पाणीही थांबलं. वीस सेकंदांत घरघर ऐकू आली नाही, तर दोष पट्ट्यावरच्या कुणाचा तरी आहे एवढं नक्की. माझी गाडी गप्प झाली.

आता इंजिन बंद करा, किल्ली पुन्हा खिशात, आणि एकेक पुली फिरवा.

इथं बहुतेकजण फसतात. पुली भिंगरीसारखी गरगर फिरली की वाटतं, वा, बेअरिंग छान आहे. उलट आहे. सीलबंद बेअरिंगमधलं ग्रीस जिवंत असेल तर पुली बोटाने टिचकी मारल्यावर जडपणे, मुकाट फिरते आणि लवकर थांबते. माझी आयडलर एका टिचकीत आठ-दहा फेरे गेली, आणि कान जवळ नेला तर आत वाळू सरकल्यासारखा आवाज. एका हाताने फिरवत दुसऱ्या हाताचं बोट ब्रॅकेटवर ठेवा. खराब बेअरिंग बोटाला झिणझिण्या देतं. कानापेक्षा हे बोट खरं बोलतं. मग पुली दोन्ही कडांना धरून हलवा, खुळखुळ लागली तर संपलंच. सीलभोवती गंजाच्या रंगाचं ग्रीस दिसलं तर आणखी एक पुरावा.

बाकीच्यांनाही सोडू नका. एसी लावल्यावरच आवाज येत असेल तर दोष कॉम्प्रेसरच्या आत. सुपरचार्जरची पुली जड फिरेल, कारण तिच्यासोबत आतले रोटर आणि वॉटर पंपही फिरतात. ती एकसारखी फिरतेय का, कुठं अडकते का, एवढंच बघा. आयडलिंगला खडखड आणि रेस केल्यावर बंद, असं असेल तर तो सुपरचार्जरच्या नाकातल्या कपलरचा (पुली आणि रोटर जोडणाऱ्या तुकड्याचा) आजार, वेगळं प्रकरण. क्रँकच्या पुलीत रबराचं कडं असतं, ते सुटलं की पुली लचकत फिरते. आहात तिथं तर तेही बघून घ्या.

माझ्या आयडलरला मधोमध एकच बोल्ट. पुली काढताना मागेपुढे वॉशर किंवा स्पेसर असेल तर काढल्या क्रमाने फडक्यावर मांडून ठेवा. मी अख्खी नवी पुली घेतली, वीस पौंडांच्या आत आली. प्लॅस्टिकची पुली असेल तर दुसरा मार्गच नाही, बेअरिंग त्यात ओतूनच बसवलेलं असतं. पुली लोखंडी असेल आणि बेअरिंगवरचा नंबर वाचता येत असेल, तर नुसतं बेअरिंग बदलता येतं. उदाहरणार्थ ६२०३-२आरएस सी३ असं लिहिलं असेल, तर ६२०३ म्हणजे आतलं भोक १७ मिमी, बाहेरचा व्यास ४० आणि रुंदी १२. २आरएस म्हणजे दोन्ही बाजूंना रबरी सील. सी३ म्हणजे आत नेहमीपेक्षा जास्त फट, गरम होऊन फुगायला जागा. नंबर अर्धवट जुळवू नका. क्रँकची पुली आयडलरच्या दुप्पट व्यासाची असेल, तर इंजिन मिनिटाला ६,००० फेऱ्यांवर असताना हे बेअरिंग मिनिटाला १२,००० फेरे मारतं.

बेअरिंग पुलीत दाबताना जोर फक्त बाहेरच्या रिंगवर. आतल्या रिंगवर दाबलंत तर सगळा भार गोळ्यांवरून जातो, त्यांचे ठसे रिंगांच्या खाचेत उमटतात आणि नवं बेअरिंग बसवतानाच मरतं. बेअरिंग तासभर फ्रीझरमध्ये ठेवा, पुली थोडी गरम करा, आणि बाहेरच्या रिंगच्या मापाचा सॉकेट लावून व्हाइसमध्ये सरळ दाबा. हातोडा लांब ठेवा. आबांच्या शॉपमध्ये हातोड्याने बेअरिंग ठोकणाऱ्याला त्या दिवशी चहा मिळायचा नाही.

बोल्ट मॅन्युअलमधल्या टॉर्कने आवळा. पट्टा चढवल्यावर प्रत्येक पुलीवर बोट फिरवून सगळ्या धारा खाचांत बसल्यात ना ते तपासा. पहिल्या वेळी माझी एक धार बाहेर राहिली होती, इंजिन चालू करताच रबराचा वास आला. मग सगळं पुन्हा. शेवटी चाकाचे बोल्ट: माझ्या गाडीला एम१२ चे आहेत, १२० न्यूटन-मीटर.

आता नुसती शिट्टी ऐकू येते. चहा मात्र येऊन मागावा लागतो.

जुनं बेअरिंग मी कुतूहलाने फोडून बघितलं. ग्रीसची करपलेल्या गुळासारखी काळी खरवड झालेली, आतल्या रिंगवर खड्डे, आणि एका बाजूचं सील कडेने उचकटलेलं. फोटो आबांना पाठवला. त्यांचं एका ओळीचं उत्तर आलं: "इंजिनावर प्रेशरचं पाणी मारलंस काय?"

मारलं होतं. ऑगस्टमध्ये, गाडी आतूनही चकचकीत दिसावी म्हणून.