जपानला शिकायला आलात? आधी हे उरका
विमानतळावर रेसिडेन्स कार्ड मिळतं तेव्हाच पार्टटाइमच्या परवानगीचा फॉर्म भरून टाका, नंतर इमिग्रेशनला खेटे नकोत, पण आठवड्याला 28 तासांच्या वर काम नको म्हणजे नकोच, व्हिसाचा प्रश्न असतो. रूम मिळाली की 14 दिवसांत वॉर्ड ऑफिसात पत्ता नोंदवा, हेल्थ इन्शुरन्सही तिथेच काढा, मग डॉक्टरच्या बिलातले साधारण 30 टक्केच आपल्याला भरावे लागतात. कचऱ्याचं वेळापत्रक फ्रिजवर चिकटवा. बाटलीचं झाकण वेगळं, लेबल सोलून वेगळं, बाटली विसळून वेगळी, सवय होते हो! सुपरमार्केटात रात्री दुकान बंद व्हायच्या आधी जा, बेंतोवर (डब्यातल्या तयार जेवणावर) 'हांगाकु' म्हणजे अर्ध्या किमतीचं स्टिकर लागतं. शाकाहारी असाल तर मिसो सूपसुद्धा विचारूनच घ्या, त्यातल्या दाशीत, म्हणजे सूपच्या मूळ रश्शात, बहुतेकदा मासे असतात.