आभार मानताना या चुका टाळा

आमच्या सोलापुरात एकाच गल्लीत मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू सगळं ऐकू येतं, तरी आभार मानताना लोक त्याच त्याच चुका करतात, बघून बघून कंटाळलो म्हणून लिहितोय.

सगळ्यात जास्त राग खुणेच्या बाबतीत येतो. मागं घरच्या लग्नात वाढप्यांमध्ये एक कर्णबधिर पोरगा होता, दुपारभर पंगतीत पळत होता. आमच्यातल्या एकानं 'दोन मिनिटांत दहा भाषांत थँक्यू' असली रील बघून शिकलेली थँक्यूची खूण केली, पण नजर मोबाईलमध्ये आणि बोटं हनुवटीच्या खालून झटकली. इटलीत असं झटकणं म्हणजे 'मला काय पडलंय'. पोरगा गोंधळला, काहीतरी चुकलं वाटून वाढलेलं ताट परत उचलायला लागला. मला लई वाईट वाटलं. मग मी त्याच्यासमोर जाऊन नीट खूण केली: तळहात आपल्याकडं, बोटांची टोकं हनुवटीला, तिथून हात सावकाश त्याच्याकडं, आणि डोळे त्याच्या चेहऱ्यावर. तेव्हा कुठं हसला. खुणांच्या भाषेत चेहरा पण बोलतो, तो कोरा ठेवून नुसता हात हलवू नका. आणि शिकायचंच तर भारतीय सांकेतिक भाषेचे व्हिडिओ बघा, अमेरिकेतली बाराखडी एका हाताची, आपली दोन हातांची, दिल्लीच्या सरकारी केंद्राचे व्हिडिओ फुकट आहेत. दोन मिनिटांत दहा भाषा शिकायची घाई कशाला?

पूर्व भागातल्या तेलुगू काकूंनी शेंगाचटणीचा डबा दिला की लगेच 'धन्यवादालु' म्हणू नका, शब्द बरोबर आहे पण घरात तो भाषणासारखा वाटतो. मी 'चाला संतोषम अण्डि', म्हणजे 'खूप आनंद झाला', म्हणतो, त्यातलं अण्डि मानाचं आहे, ते गाळायचं नाही. कन्नडच्या 'धन्यवादगळु'चंही तसंच, आणि डबा रिकामा परत द्यायचा नाही.

'धन्यवाद मानतो' लिहू नका, आभार मानतात, धन्यवाद देतात.

पोर्तुगीजमध्ये पुरुष ओब्रिगादो म्हणतो, बाई ओब्रिगादा, समोर कोण आहे त्यावर ते ठरत नाही.

आणि आभारप्रदर्शन आयत्या वेळी तोंडपाठ करायला जाऊ नका, नेमका साउंडवाला राहतो, आणि तोच बिचारा शेवटपर्यंत वायरी गुंडाळत थांबलेला असतो. मी कार्यक्रम सुरू व्हायच्या आधीच कागदावर लिहून घेतो, मंडपवाला पहिला, अध्यक्ष शेवटी.