विचार करून सांगतो म्हणणाऱ्या गिऱ्हाइकापुढे गाडीच्या खर्चाचा हिशेब कसा मांडावा

परभणीत गाड्या विकायला लागून मला नऊ वर्षं झाली. या धंद्यात नव्यानं आलेली पोरं-पोरी मला हमखास एकच गोष्ट विचारतात. गिऱ्हाईक गाडीत बसतं, चक्कर मारून येतं, लेकरांना मागच्या सीटवर बसवून बघतं आणि मग "ताई, विचार करायलो, सांगतो" म्हणून निघून जातं. त्याला कसं थांबवायचं?

किंमत त्याला आधीच ठाऊक असते. झेपेल असं वाटलं म्हणूनच तो शोरूमची पायरी चढलेला असतो. धास्ती असते ती गाडी दारात उभी राहिल्यावर महिन्याला किती खाईल याची. आपल्याकडं ही धास्ती जरा जास्तच आहे. परभणीला इंधन येतं ते मनमाडजवळच्या पानेवाडी डेपोतून, तीनशे किलोमीटरच्या वरून. त्या वाहतुकीपायी पेट्रोल इथं राज्यातल्या बहुतेक शहरांपेक्षा महाग पडतं. २०२१ मध्ये शंभरी ओलांडलेला पंपावरचा बोर्ड इथं कुणी विसरलेलं नाही.

म्हणून खर्चाचा विषय आपणच काढायचा. फक्त कंपनीच्या पत्रकावरचा ॲव्हरेज तोंडातून काढायचा नाही. तो चाचणीतला आकडा असतो. आपला रस्ता, मे महिन्यातल्या ४२ अंशांत चालणारा एसी आणि मागं बसलेली चार माणसं त्यात नसतात. पहिल्या वर्षी मी एका मामांना पत्रकावरचाच आकडा छातीठोक सांगितला होता. तीन महिन्यांनी ते पंपाच्या पावत्यांचा गठ्ठा रबर लावून घेऊन आले, माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "पोरी, ह्याचं काय?" मला उत्तर देता आलं नाही. त्या दिवसापासून मी वही ठेवते. गाडी दुसऱ्या सर्व्हिसिंगला आली की मालकाला विचारते, टाकी फुल टू फुल करून किती पडला? नोझल आपोआप बंद होईपर्यंत भरायचं, ट्रिप मीटर शून्यावर आणायचा, गाडी फिरवायची आणि त्याच पंपावर पुन्हा तसंच भरायचं. जितके लिटर बसले त्यानं किलोमीटरला भागायचं. हे आकडे मी गावासकट लिहून ठेवते. जिंतूरच्या माणसाला जिंतूर रोडवरचाच ॲव्हरेज दाखवला की तो खुर्ची पुढं ओढतो.

मग विचारायचं ते गिऱ्हाइकाच्या दिवसाबद्दल. मागच्या दिवाळीच्या आधी एक गुरुजी आले होते. राहायला परभणीत, शाळा जिंतूर तालुक्यात, जाऊन-येऊन ६४ किलोमीटर. पेट्रोल गाडी मनात भरली होती. सीएनजी ९५ हजारांनी महाग म्हणून नको होती. मी वही आणि कॅल्क्युलेटर त्यांच्याकडं सरकवला. आकडे त्यांनीच दाबायचे, मी फक्त विचारणार. महिन्याला शाळेच्या २५ फेऱ्या म्हणजे १,६०० किलोमीटर, वर २०० बाजारहाट-पाहुणे. एकूण १,८००.

पेट्रोल गाडी माझ्या वहीप्रमाणे लिटरला १८ देते. म्हणजे १०० लिटर. हिशेबाला १०५ रुपये दर धरला तर १०,५०० रुपये. सीएनजी किलोला २४ देते, ७५ किलो लागेल, ९२ रुपयांनी ६,९०० रुपये. महिन्याला ३,६०० रुपयांचा फरक.

इथं बहुतेक विक्रेते थांबतात आणि तिथंच गिऱ्हाईक निसटतं. बचत सांगितल्यावर लगेच तिच्यातून वजा करायला बसायचं. बहुतेक सीएनजी गाड्या चालू होतात पेट्रोलवर, कधी पंपावर गॅस संपलेला असतो. त्याचे महिन्याला ५०० काढा म्हटलं. उरले ३,१००. सिलिंडरची दर तीन वर्षांनी हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाची चाचणी, करावी लागते, डिकीतली जागा जाते, चढावर ओढ थोडी कमी पडते, तेही सांगितलं. आणि सगळ्यात आधी विचारायचं, की तुमच्या रोजच्या रस्त्यावर सीएनजी पंप आहे का? वाकडी वाट करून रांगेत अर्धा तास जाणार असेल तर ही बचत कागदावरच राहते.

नोकरदाराला पुढचा आकडा हप्त्याचा द्यायचा. जास्तीचे ९५ हजार पाच वर्षांच्या कर्जात साडेनऊ टक्क्यांनी घेतले तर हप्ता साधारण २,००० रुपयांनी वाढतो. वाचतात ३,१००. म्हणजे पहिल्या महिन्यापासूनच अकराशे रुपये खिशात. गुरुजींनी हे दोनदा दाबून बघितलं.

शेतकऱ्याशी बोलताना महिना सोडून द्यायचा. त्याचा पैसा सोयाबीन-कापसाला येतो, त्यामुळं आकडाही हंगामाचा हवा. तेवढंच फिरणं असेल तर वर्षाला ३७,२०० रुपये वाचतात. २०२४-२५ चा सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता, म्हणजे साडेसात क्विंटल. बाजारात भाव त्याच्याही खाली गेला होता, तेव्हा पोती जास्तच म्हणा. हे ऐकल्यावर त्यांना जास्त काही समजवावं लागत नाही.

आता उलटी बाजू. ज्याचं महिन्याचं फिरणं ४०० किलोमीटर आहे, त्याला याच दरांनी, वजावट धरायच्या आधीच, वर्षाला जेमतेम ९,६०० रुपये वाचतात. ९५ हजार वसूल व्हायला दहा वर्षं लागतील. त्याला मी तोंडावर सांगते, दादा, पेट्रोल घ्या. महाग गाडी हातची जाते, मॅनेजर कुरकुरतो, पण तोच माणूस पुढं मेहुण्याला घेऊन येतो. इलेक्ट्रिकचंही तसंच. घरी स्वतःची पार्किंग आणि मीटर असेल, रोजचं फिरणं मोठं असेल तर युनिटला १० रुपये धरले तरी किलोमीटरला दोन रुपयांच्या आत पडते. किमतीतला फरक मात्र मोठा असतो, तो किती वर्षांत निघतो आणि बॅटरीची वॉरंटी तोवर टिकते का, हे दोन्ही एकाच पानावर लिहून द्यायचं.

पान फाडून द्यायचंच. निर्णय घरी होतो, आपल्या टेबलावर होत नाही. वहिनी, वडील, थोरला भाऊ यांना तो तोंडी सांगायला गेला की अर्धं विसरतो. पानावर दर आणि तारीख घालायची, सही करायची, आणि दोन दिवस फोन करायचा नाही.

गुरुजी तिसऱ्या दिवशी आले, सोबत त्यांच्या घरच्या बाई होत्या. पान चार घड्यांचं झालेलं. खाली बाईंच्या अक्षरात लिहिलं होतं: मे महिन्यात शाळा बंद, दिवाळीची सुट्टी, म्हणून दहाच महिने धरा. त्यांचं बरोबर होतं, माझ्याकडून ते सुटलं होतं. आम्ही तिघांनी पुन्हा आकडे मांडले. ३,१०० नं वर्षाला ३१ हजार. ९५ हजार तीन वर्षं आणि वर थोडं, एवढ्यात निघत होते. बाई म्हणाल्या, "गाडी तर आपण दहा वर्षं वापरणार." मग त्यांनी रंग विचारला.