उन्हाळ्यासाठी पहिलं मोटरहोम घेताना: आधी वजनकाटा, मग टोकन

मार्च ते मे गोव्यात गाडीतच राहायचं आणि तिथूनच ऑफिसचं काम करायचं, असं ठरवून पहिलं मोटरहोम घ्यायला निघालेल्यांसाठी ही तयारी. आरसी, विमा, पीयूसी, कर्जाचा बोजा उतरल्याचा कागद, परराज्यातली गाडी असेल तर एनओसी, हे कुठलीही जुनी गाडी घेताना बघतो तसंच बघा. फक्त आरसीवरची एक ओळ नीट वाचा: गाडीचा वर्ग काय लिहिलाय. ‘मोटर कॅराव्हॅन’ किंवा ‘कॅम्पर व्हॅन’ असेल तर उत्तम. तिथे मालवाहू किंवा प्रवासी गाडी लिहिलंय आणि आत पलंग, ओटा, सिंक बसवलंय, असं असेल तर आरटीओची मंजुरी दाखवायला सांगा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे असा बदल परस्पर करता येत नाही, आणि उद्या अपघात झाला तर विमा कंपनीला क्लेम अडवायला आयतं कारण मिळतं. ‘नंतर करून देतो’ म्हणणाऱ्याला सांगायचं, बाबा, आधी करून दे, मग पैसे ने.

आता वजन. गेल्या वेळी माझं नेमकं हेच राहिलं, त्यामुळे पुढेही मध्येच आठवण करून देणार आहे. गाडी पूर्ण भरून वजनकाट्यावर घाला, आणि तेही टोकन द्यायच्या आधी. आरसीवर गाडीचं रिकामं वजन आणि मंजूर एकूण वजन असतं. रिकामं वजन बहुतेकदा आतलं काम व्हायच्या आधीचं असतं. त्यानंतर चढलेलं १८ एमएमचं प्लायवूड, ग्रॅनाइटचा ओटा, स्टीलची टाकी कुठल्याच कागदावर येत नाही. १०० लिटर पाणी म्हणजे १०० किलो. १५० एएचची (अँपिअर-अवर, बॅटरीची क्षमता) एक ट्युब्युलर बॅटरी पन्नास-साठ किलोंची, आणि त्या बहुतेकदा दोन असतात. घरगुती सिलिंडर भरलेला असला की तीस किलोंच्या आसपास. वर फ्रिज, कपडे आणि आपण. जागा मागे मोकळी असते म्हणून यातलं निम्मं सामान मागच्या चाकांच्याही पलीकडे रचलेलं असतं.

बेळगावहून गोव्यात येणारा चोर्ला घाट उतरताना आमच्या गाडीच्या ब्रेकांना करपट वास यायला लागला. पायथ्याच्या केरीत थांबलो तर चाकाजवळ हात नेववेना. नंतर काट्यावर घातली तेव्हा एकूण वजन मर्यादेतच होतं, पण मागच्या ॲक्सलवर भलताच भार होता. म्हणून काट्यावर दोन वजनं घ्यायची: एकदा अख्ख्या गाडीचं, मग पुढची चाकं काट्याबाहेर काढून फक्त मागच्यांचं. डिचोली-साखळी पट्ट्यात आणि कुडचड्याकडे खनिजाच्या ट्रकांसाठी बसवलेले काटे आहेत, तिथे विचारा. छापील पावती घ्या. मागच्या ॲक्सलची मर्यादा गाडीच्या प्लेटवर किंवा मॅन्युअलमध्ये मिळते. टायरवरचा लोड इंडेक्सही बघा. ११२ म्हणजे योग्य हवेला एका टायरला ११२० किलो. तिथेच शेवटी चार आकडे असतात: २३१९ असेल तर टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यातला. विकणारा ‘गाडी मस्त ओढते’ म्हणेल. ओढत असेलही, आपण घाटात ती थांबते का ते विचारतोय. पावतीशिवाय पुढे बोलणं नको.

विजेचा हिशेब घरी बसून मांडा. लॅपटॉप दिवसभरात अर्धा युनिट खातो, छोटा कंप्रेसर फ्रिज अर्धा ते पाऊण, बीएलडीसी (कमी वीज खाणारा) पंखा रात्रभर पाव. १२ व्होल्टची २०० एएच लिथियम बॅटरी भरलेली असेल तर साधारण अडीच युनिट देते, म्हणजे एवढं निभतं. पण एक टनाचा एसी रात्रभर चालवायचा तर चार-पाच युनिट लागतात, आणि मे महिन्यातल्या दमट रात्री पत्र्याच्या गाडीत एसीशिवाय झोप येत नाही. सोलरवर भागेल असं सांगणाऱ्यावर विसंबू नका. ४०० वॅटची पॅनेलं चांगल्या उन्हात दिवसाला दीड ते दोन युनिट देतात. गोव्यात उन्हाळ्यात गाडी सावलीत लावावीच लागते, आणि आंब्याच्या सावलीत पॅनेल जवळजवळ निकामी होतं. तेव्हा पॅनेलपेक्षा प्लगवाली जागा शोधा: १६ अँपिअरचा सॉकेट, तपासलेलं अर्थिंग, किमान अडीच चौरस एमएमची तांब्याची वायर. वायर पूर्ण उलगडून ठेवा, वेटोळं तापतं.

जनरेटर घेऊ नका. डिसेंबर २०२४ मध्ये केरळात वडकऱ्याला रस्त्याकडेला उभ्या कॅराव्हॅनमध्ये दोघे जण मृतावस्थेत सापडले. एसीसाठी चालू ठेवलेल्या जनरेटरचा कार्बन मोनॉक्साइड आत शिरला होता. या वायूला वास नसतो, झोपेतल्या माणसाला कळत नाही. गाडीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावलाच पाहिजे, दोन-तीन हजारांसाठी मागेपुढे बघू नका. गॅस ठेवणार असाल तर छोटा सिलिंडर, आणि जमिनीलगत हवा बाहेर जायला उघडा झरोका; एलपीजी हवेपेक्षा जड, खाली साचतो.

जागा गाडीच्या आधी ठरवा. किनाऱ्यावर लावून राहू, हे डोक्यातून काढा. उघड्यावर स्वयंपाक करायला तिथे कायद्याने बंदी आहे, दंड होतो. ओळखीच्या भाटकाराकडून (जमीनमालकाकडून) भाट, म्हणजे बागायत, किंवा घरामागची जागा घ्या, भाडं, पाणी आणि मीटरचं रीडिंग लेखी ठरवा. माडाखाली मुळीच नाही. नारळ राहू द्या, सुकी झावळी पडली तरी पॅनेल फुटतं. वाड्यात, म्हणजे वस्तीत, शिरणारी वाट आधी चालत जाऊन बघा. चिऱ्याच्या गडग्यांमधली (दगडी कुंपणांमधली) रुंदी टेपने मोजा, खाली लोंबणाऱ्या विजेच्या तारांची उंची लांबूनच अंदाजा, गाडीची उंची एसीसकट मोजून स्टिअरिंगसमोर चिकटवा. आणि जमीन: शेताच्या कडेला, खाजनाजवळ (खाडीलगतच्या सखल खारजमिनीजवळ) गाडी लावू नका. मेमध्ये वळवाचा एक पाऊस झाला की मागची चाकं रुततात, आणि मागे किती भार आहे हे माहीत नसेल तर ओढून काढताना काहीतरी मोडतं. परत सांगतो, काटा. पाणी भरून, बॅटऱ्या जागेवर ठेवून.

नेटवर्क त्याच जागेवर, गाडीच्या आत, दार लावून, कामाच्याच वेळेला तपासा. पत्रा सिग्नल अडवतो. बाहेर अंगणात पूर्ण रेंज आणि आत व्हिडिओ कॉल तुटतोय, हे नेहमीचं. दोन वेगळ्या कंपन्यांची सिमं, राउटरची अँटेना छपरावर. भाटकाराच्या घरात फायबर असेल तर त्याची केबल मागा, पण वीज गेली की तेही जातं, म्हणून एक सिम हवंच. टेबलाशी लॅपटॉप उघडून तासभर बसून बघा, गुडघे आपटतात का ते तेव्हाच कळतं.

गंज बघायला खाली वाका: चेसिस, चाकांच्या कमानी, पायदानाच्या आतली बाजू. किनाऱ्याजवळ वापरलेली गाडी वरून चकाचक असते. प्लाय फुगलंय का तेही बघा, आयएस ७१० (मरीन प्लायचं मानक) नसेल तर दमट हवेत टिकत नाही. छपराच्या सांध्यांवर पाइपने पाणी मारून बघा. कॅसेट टॉयलेट (मैल्याची टाकी बाहेर काढता येते ते) कुठे रिकामं करणार ते भाटकाराला आधीच विचारा. मच्छरदाणीच्या जाळ्या, अग्निशामक, जॅक भरलेल्या गाडीचं वजन उचलणारा (पावतीवरचा आकडा बघून), हे सगळं गाडीत असू द्या. जूनला पाऊस लागायच्या आत निघा, नाहीतर उंच शेड शोधून ठेवा.